आमचे पंडित

श्रोतेहो, माझ्या एका मित्राविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. त्यांचें नांव मात्र मी सांगणार नाहीं. स्वतःचें नांव चारचौघांत घेतलेलें त्यांना खपत नसे, आणि निदान या एका बाबतींत तरी त्यांची इच्छा मोडूं नये असें मला वाटतें. पूर्वीं एकदां मीं त्यांचें नांव गाळलें होतें. पण त्या वेळचें कारण निराळें होतें. तें पुढें ओघानें येईलच. गिरगांवांत ठाकुरद्वाराच्या बाजूला ज्या चाळींत ते राहत, तेथील बिऱ्हाडकरू त्यांना 'पंडित' म्हणत. त्या म्हणण्यांत निम्मा आदर आणि निम्मी थट्टा असे. आपणहि त्यांना पंडितच म्हणूं.

पंडित संस्कृत घेऊन एम्. ए. झालेले होते आणि फोर्टांतील एका कचेरींत हिशेब लिहीत. लग्न त्यांनीं केलें नाहीं. एकच खोली, तींत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टेकून ठेवलेले दोन तंबोरे, आणि बाकी सारी जागा पुस्तकांची व तबकड्यांची. पाहुणा आला म्हणजे एक गठ्ठा उचलून ते त्याला बसावयास जागा करून देत. परंतु जातांना तो गठ्ठा पूर्ववत् ठेवण्याचें काम पाहुण्याकडे असे, आणि पुस्तकांचा क्रम चुकला तर ते त्याला जिन्यावरून परत बोलावीत. चहा उत्तम करीत. मात्र पाणी स्टोव्हवर असतां कोणी बोललेलें त्यांना चालत नसे. कारण आधण कोणत्या स्वराला लागलें आहे, हें ते कान देऊन ऐकत असत.

अशा माणसाचा गळा गोड असेल असें कोणासहि वाटावें. पण देवानें नेमका तेथेंच हात आंखडला होता. पंडितांचा आवाज म्हणजे विहिरीवरचा गंजलेला रहाट. एखादी जागा समजावून देतांना ते दोन स्वर लावीत आणि लगेच म्हणत, "असें नव्हे, पण असें." ऐकणारानें त्यांतून काय तें उमजून घ्यावयाचें.

गिरगांव हें गाण्याच्या दृष्टीनें भाग्यवान् ठिकाण. लक्ष्मीबागेच्या मैफलींच्या आठवणी सांगणारीं वडीलधारीं माणसें त्या वेळीं चाळीचाळींतून होतीं. ऑपेरा हाउसच्या बाजूला प्रोफेसर बी. आर. देवधरांनीं १९२५ सालीं गायनाची शाळा काढली, आणि बालवयांतले कुमार गंधर्व त्याच शाळेंत येऊन वाढले. अशा ठिकाणीं जाणता श्रोता निपजला तर नवल नाहीं. पंडित मैफलींत नेहमीं खांबाच्या आड बसत. डोक्याला काळी टोपी असे. गवयाचा स्वर घसरला किंवा रागाची शिस्त मोडली, कीं ते टोपी काढून मांडीवर ठेवीत. गाणें पुन्हा सुरळीत चाललें, कीं टोपी पुन्हा डोक्यावर चढे. तोंडानें वाहवा नाहीं, कीं नापसंतीचा शब्द नाहीं. कांहीं गवई आरंभींच त्या खांबाकडे चोरून पाहत, हें मीं स्वतः पाहिलें आहे.

त्यांची व माझी ओळख होण्याचें तसें कांहीं कारण नव्हतें. मी लालबागचा. वडील गिरणींत साळखात्यांत कामाला. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. शिक्षकाची सनद घेऊन १९७७ सालीं परळच्या एका प्राथमिक शाळेंत मास्तर झालों. वडिलांनीं कोंकणांतून मुंबईस येतांना दोनच गोष्टी बरोबर आणल्या होत्या. एक वळकटी आणि दुसरें भजन. दर गुरुवारीं रात्रीं चाळींत त्यांचें भजन असे, आणि भजनी मंडळी त्यांना बुवा म्हणत.

१९७९ सालच्या गणेशोत्सवांत एके रात्रीं भजन रंगांत आलें असतां जिन्याच्या तोंडाशीं एक अनोळखी गृहस्थ उभे असलेले मला दिसले. हातांत भिजलेली छत्री, डोक्याला काळी टोपी. छत्रीच्या मुठीवर वही टेकवून ते कांहीं लिहीत होते. भजन संपलें तेव्हां एक वाजून गेला होता. ते सरळ वडिलांपुढें येऊन बसले आणि म्हणाले, "बुवा, तिसऱ्या अभंगांत आपण कोमल निषादावर जाऊन थांबलांत. ती जागा कोणाची?"

"जागा?" वडील गोंधळले. "जागा कसली, साहेब? आमच्या गांवच्या बुवांनीं जसें शिकविलें तसें म्हणतों."

"त्या बुवांचें नांव काय? आणि त्यांना कोणीं शिकविलें?"

नांव, गांव, गुरूचा गुरु, सर्व त्यांनीं टिपून घेतलें. बसमधून जातांना टाळांचा आवाज ऐकून ते मध्येंच उतरले होते, आणि आतां शेवटची बसहि निघून गेली होती. लालबागहून ठाकुरद्वारापर्यंत ते रात्रीचे चालत गेले. ही आमची पहिली भेट.

पुढें मी त्यांच्याकडे जाऊं लागलों, तेव्हां या वेडाचें मूळ मला कळलें. त्यांचें दैवत एकच होतें, पंडित विष्णु नारायण भातखंडे. भातखंडे मुंबईचेच. १० ऑगस्ट १८६० रोजीं वाळकेश्वरास त्यांचा जन्म झाला. दर वर्षीं त्या तारखेस आमचे पंडित कचेरींतून रजा घेत, चालत वाळकेश्वरास जात आणि भर पावसांत बाणगंगेच्या पायऱ्यांवर छत्री उघडून तासभर बसत. एका वर्षीं मीहि बरोबर गेलों. मीं विचारलें, "येथें बसून आपण काय करतां?" ते म्हणाले, "मास्तर, मी त्यांचें देणें लागतों. तें फिटण्यासारखें नाहीं. म्हणून वर्षांतून एकदां येऊन निदान कबूल करतों."

त्या दिवशीं त्यांनीं मला जी हकीकत सांगितली ती थोडक्यांत सांगतों. भातखंडे १८८५ सालीं बी. ए. झाले व १८८७ सालीं एल्‌एल्. बी. झाले. मुंबईंत पारशी गृहस्थांच्या पुढाकारानें १८७० सालीं 'गायन उत्तेजक मंडळी' निघाली होती. तींत विद्यार्थिदशेपासूनच त्यांचा गाण्याचा अभ्यास चालला होता. पुढें पत्नी गेली, मुलगी गेली, आणि वकिलीवरचें त्यांचें मन उडालें. १९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले, तेथील विद्वानांना भेटले, व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची रचना समजावून घेतली. नंतर पूर्वेकडे व उत्तरेकडे प्रवास केला. जुनी चीज जाणणारा कोणी आहे असें कळलें, कीं हे तेथें हजर. त्या काळीं उस्ताद लोक आपली विद्या कुलपांत ठेवीत. घराण्याची चीज म्हणजे घराण्याचा दागिना. तो परक्याच्या हातीं कोण देणार? मग या वकिलानें कोठें पैसे मोजले, कोठें आर्जवें केलीं, कोठें शिष्य होऊन पायांशीं बसले. रामपूरचे नवाब हमीद अली यांचें शिष्यत्व त्यांनीं पत्करलें. फोनोग्राफ हें यंत्र नवें होतें. त्याच्या साह्यानेंहि त्यांनीं चिजा टिपून घेतल्या.

"आणि एवढें मिळविल्यावर त्यांनीं काय केलें?" पंडितांनीं मला विचारलें, आणि उत्तरहि स्वतःच दिलें. "छापून टाकलें! कोणाहि शाळामास्तरानें दुकानांत जाऊन विकत घ्यावें, असें करून टाकलें. आणि वर आपलें नांवहि झांकलें!"

खरोखरच, १९१० सालीं त्यांचा 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ निघाला, तो 'चतुर पंडित' या नांवानें. त्याच सालीं 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ निघूं लागला. त्याचा चौथा व शेवटचा भाग १९३२ सालीं बाहेर पडला. तो सबंध ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपानें लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरु उत्तर देतो, शिष्य पुन्हा खोदून विचारतो. वाचतांना मधून मधून वकिलाच्या उलटतपासणीची आठवण होते. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा त्यांनीं स्वरलिपींत बांधून दिल्या. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खालीं टिंब, तार सप्तकाला वर टिंब. इतकी ती लिपि सोपी. प्रचारांतील राग त्यांनीं बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी अशा दहा थाटांत बसविले. १९२६ सालीं लखनौस मॉरिस कॉलेज निघालें तें त्यांच्याच खटपटीनें. मुंबईचेच श्रीकृष्ण रातंजनकर हे त्यांचे शिष्य पुढें त्या कॉलेजचे प्रमुख झाले.

पंडितांची भक्ति आंधळी मात्र नव्हती. "ललत त्यांनीं मारव्याच्या थाटांत घातला आणि त्याला शुद्ध धैवत सांगितला," ते म्हणत. "आज बहुतेक गवई त्याला कोमल धैवत लावतात. दहा खणांच्या कपाटांत सारे राग कोंबले, असें कोणी म्हणत असेल तर म्हणूं द्या. पण कपाटच नसतें तर?" स्वरलिपींत गाण्याचा जीव उतरत नाहीं, ही नेहमींची तक्रार कोणीं काढली, कीं त्यांचें उत्तर ठरलेलें असे. "वाणसामानाची यादी म्हणजे जेवण नव्हे, हें मलाहि कळतें. पण सुग्रण गेली आणि यादीहि उरली नाहीं, तर मागच्यांनीं चूल पेटवून शिजवावें काय?"

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर असा कधीं मिटलाच नाहीं. आमच्या लालबाग-परळांत ठराविक वेळीं गिरण्यांचे भोंगे होत. त्यांवर आमचा स्वयंपाक चाले, शाळा चाले, झोपहि चाले. ते भोंगे थांबले. पंडितांनीं लालबाग, परळ व भायखळा या भागांतील भोंग्यांचे स्वर पूर्वींच एका वहींत टिपून ठेवले होते. कोणता काळी दोनमध्यें, कोणता पांढरी पांचमध्यें. संपाला दोनेक महिने झाले असतील, तेव्हां ते मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या लालबागचा षड्ज हरपला." मला त्यांचा राग आला. घरांत पगार बंद, आणि यांना स्वर सुचतो!

वडील त्या दिवसांत गॅलरींत नुसते बसून राहत. भजन त्यांनीं सोडून दिलें होतें. ज्यानें घरांत चार पैसे आणावयाचे त्यानें टाळ कुटीत बसूं नये, असें त्यांच्या मनानें घेतलें. माझ्या एकट्याच्या पगारावर घर. पाठचीं दोन भावंडें शिकत होतीं. वडिलांशीं काय बोलावें हें मला समजत नसे, आणि म्हणून मी बोलत नसें.

एका गुरुवारीं संध्याकाळीं पंडित आले. वडिलांपुढें नारळ ठेवून त्यांनीं वांकून नमस्कार केला. "बुवा, आपल्या चाली मला शिकावयाच्या आहेत. दर गुरुवारीं येईन."

वडील घाबरून उठूं लागले. "साहेब, आपण एवढे शिकलेले. मीं आपल्याला काय शिकवावें?"

"भातखंडे बी. ए., एल्‌एल्. बी. होते," पंडित म्हणाले. "ज्यांच्या पायांशीं बसून त्यांनीं विद्या घेतली, त्यांपैकीं शाळेंत किती जण गेले होते?"

नारळाखालीं एक पाकीट होतें, आणि त्यांत शंभर रुपये होते. वडील तें घेईनात. तेव्हां पंडित जरा कडक स्वरांत म्हणाले, "दक्षिणेवांचून विद्या फळत नाहीं. आपण माझें नुकसान करूं नका." पुढें दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारीं तें पाकीट येत राहिलें. गुरुवार आला कीं वडील सकाळींच दाढी करीत, धुतलेला सदरा घालीत. आई दुपारींच चहाचें भांडें घांसून ठेवी. भोंगा गेलेल्या घराला पुन्हा एक ठरलेली वेळ मिळाली.

ती शिकवणी पाहण्यासारखी असे. पेटीशीं पंडितांचें वांकडें होतें. पेटी म्हणजे दावणीला बांधलेले स्वर, तींतून मींड निघत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. याच आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीला बंदी केली व ती १९७१ सालापर्यंत टिकली, हें ते मोठ्या समाधानानें सांगत. परंतु वडिलांच्या पेटीपुढें ते मान खालीं घालून बसत. एकेक चाल दहा दहा वेळां म्हणावयास लावीत. वडील दर वेळीं ती थोडी निराळी म्हणत. मग पंडित विचारीत, "यांतली खरी कोणती?" वडील म्हणत, "सगळ्याच खऱ्या." पंडित हंसत, आणि तिन्ही तऱ्हा लिहून घेत. आमच्या घरांत त्यांनीं टोपी काढून मांडीवर ठेवलेली मला कधींहि दिसली नाहीं.

त्याच सुमारास मी एकदां त्यांच्या खोलीवर गेलों असतां भिंतीशीं एकच तंबोरा दिसला. "दुसरा कोठें गेला?" मीं विचारलें. "मिरजेला, दुरुस्तीस," ते म्हणाले. मिरजेस तंबोरे होतात हें मला ठाऊक होतें; म्हणून मीं पुढें चौकशी केली नाहीं.

आतां माझी गोष्ट. १९८६ च्या सप्टेंबरांत भातखंड्यांच्या निधनाला पन्नास वर्षें पुरीं होत होतीं. अर्धांगवायूनें सुमारें तीन वर्षें अंथरुणाला खिळून राहिल्यावर १९ सप्टेंबर १९३६ रोजीं ते वारले. आमच्या भागांतील एका वाचनालयानें त्या निमित्तानें व्याख्यान ठरविलें. वाचनालयाची मंडळी प्रथम पंडितांकडे गेली. ते म्हणाले, "मी बोलणारा नव्हे. मास्तरांना सांगा, त्यांना मुलांपुढें बोलण्याची संवय आहे." आणि आपल्या टिपणांचें बाड त्यांनीं माझ्या स्वाधीन केलें. वीस वर्षांचें टिपण होतें तें. मीं तें वाचलें, जवळ जवळ पाठ केलें, आणि बोललों.

व्याख्यान चांगलें झालें. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनीं 'मास्तरांचें सखोल संशोधन' असे शब्द वापरले. मी आभार मानावयास उभा राहिलों, तेव्हां पंडितांचें नांव अगदीं ओठांवर आलें होतें. तें मीं गिळलें. मी खोटें बोललों नाहीं. जें बोलावयास हवें होतें तें बोललों नाहीं, इतकेंच. मॅट्रिक झालेल्या मास्तराला कोणी विद्वान् म्हणत होतें, आणि तो मान वांटून घेण्याचें मला जिवावर आलें. पंडित शेवटच्या रांगेंत खांबाच्या आड बसले होते. टोपी मांडीवर होती.

तिसऱ्या दिवशीं त्यांचें कार्ड आलें. नेहमींच्या बारीक अक्षरांत लिहिलें होतें: "व्याख्यान चांगलें झालें. एक दुरुस्ती. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१८ सालीं दिल्लीस भरली असें आपण म्हणालांत. पहिली बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं, मार्च १९१६. दिल्लीची दुसरी. तिसरी काशीस, १९१९. आपलें ऐकून पुढें कोणी चुकीचें लिहूं नये, म्हणून कळविलें." मीं कार्ड उलटून पाहिलें, पुन्हा सुलटें केलें. नांवाविषयीं एक अक्षरहि नव्हतें. त्या संध्याकाळीं टोपी उतरली ती सालाच्या चुकीसाठीं कीं माझ्यासाठीं, हें मला आजतागायत कळलेलें नाहीं.

रागावले असते तर बरें झालें असतें. मी त्यांना टाळूं लागलों. गुरुवारीं शाळेचें काम काढून उशीरां घरीं येऊं लागलों. असें जवळ जवळ एक वर्ष गेलें. मग पावसाळ्यांत एक दिवस मधल्या सुटींत शिपायानें येऊन सांगितलें, कीं कोणी टोपीवाले गृहस्थ खालीं उभे आहेत. मी जिना उतरतांना मनांत शब्द जुळवीत होतों. पण पंडितांनीं मला बोलूंच दिलें नाहीं. "मास्तर, एक चाल अडली आहे. बुवांना कडव्याची चाल आठवत नाहीं. आपण लहानपणीं ऐकली असेल." मला ती आठवत होती. जिन्याखालीं उभें राहून मीं ती म्हटली. छत्रीच्या मुठीवर वही टेकवून त्यांनीं ती उतरून घेतली. मग मला राहवेना.

"पंडित, त्या व्याख्यानांत माझ्या हातून..."

"सालाची दुरुस्ती केलीत ना?"

"केली."

"मग झालें," ते म्हणाले. तेवढ्यांत घंटा झाली, आणि मी वर्गावर गेलों.

वडील १९९१ सालीं वारले. तेराव्या दिवशीं पंडित आले आणि कापडी पिशवींतून एक जाड बांधीव वही काढून त्यांनीं आईच्या हातीं दिली. पहिल्या पानावर 'गुरु' असें लिहून वडिलांचें पूर्ण नांव होतें. त्याखालीं त्यांच्या गुरूचें, आणि त्याखालीं त्या गुरूच्या गुरूचें. मग गांव, आणि 'मुक्काम लालबाग'. तळाशीं होतें, 'लिहिणारा: एक विद्यार्थी'. आंत एकूण ६३ चाली, भातखंड्यांच्या स्वरलिपींत, प्रत्येकीखालीं तारीख. जी चाल वडिलांनीं तीन तऱ्हांनीं म्हटली ती तीन तऱ्हांनीं लिहिलेली. पानें उलटतां उलटतां एका चालीच्या खालीं मला ही ओळ दिसली: 'या चालीचें कडवें मास्तरांकडून मिळालें', आणि पुढें माझें संपूर्ण नांव, शाळेचें नांव व तारीख.

श्रोतेहो, ज्यांची वीस वर्षांची मेहनत मीं नांव न घेतां वापरली, त्यांनीं माझ्या एका कडव्याचें ऋण नांवगांवासह नोंदून ठेवलें होतें. मीं वही मिटली, पुन्हा उघडली. ती ओळ तेथेंच होती.

जातांना पंडित म्हणाले, "वही कपाटांत ठेवूं नका." आणि मीं ती कपाटांतच ठेवली. संसार, बदल्या, मुलांचीं शिक्षणें. प्रत्येक माणसाजवळ असतात तीं सारीं कारणें माझ्याजवळहि होतीं.

२०१२ सालीं पंडित गेले. त्यांचा भाचा खोली रिकामी करावयास आला, तेव्हां मी मदतीस गेलों. पुस्तकें एका ग्रंथालयाला दिलीं. गठ्ठे बांधतांना क्रम चुकूं नये म्हणून मी उगीचच जपत होतों. शेवटीं तंबोरा निघाला, तो एकच. "दुसरा मिरजेहून आलाच नाहीं कां?" मीं शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, "मिरजेहून कुठला? तो तर त्यांनीं संपाच्या सालींच विकला." संपाचें साल म्हणजे १९८२. मी तेथेंच जिन्याच्या पायरीवर बसलों.

तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत पुष्कळदां येतो. वडिलांच्या चाली पंडितांना खरोखरच हव्या होत्या, कीं आमच्या घराला हात देण्यासाठीं काढलेलें तें निमित्त होतें? ६३ चाली तारखांसह लिहून ठेवणारा माणूस विद्यार्थ्याचें सोंग करीत नव्हता, हें तर उघड आहे. आणि दक्षिणा देण्यासाठीं तंबोरा विकणारा माणूस नुसता विद्यार्थी नव्हता, हेंहि तितकेंच उघड आहे. वडील असते तर म्हणाले असते, सगळ्याच खऱ्या.

२०१६ सालीं मी सेवानिवृत्त झालों. पहिलें काम केलें तें 'क्रमिक पुस्तकमालिके'चा पहिला भाग विकत आणला. ज्या वयांत लोक नातवंडांना बाराखडी शिकवितात, त्या वयांत मी सारेगम वाचावयास शिकलों. दीड वर्षानें वडिलांची पहिली चाल पेटीवर काढतां आली. चुकतमाकत कां होईना, पण ती त्यांचीच होती. ऐंशीच्या पुढें गेलेल्या आईनें आंतल्या खोलींतून विचारलें, "आज गुरुवार आहे काय रे?"

मग मीं वहीच्या प्रती करावयास घेतल्या. यंत्रावर छापील प्रत क्षणांत निघते. पण पहिली मीं हातानेंच केली. आज नऊ प्रती निरनिराळ्या घरीं आहेत. दोन लालबागच्या भजनी मंडळांकडे, एक वडिलांच्या गांवीं, एक दादरच्या एका गायनशिक्षिकेकडे, बाकीच्या अशाच. भोंग्यांच्या जागीं आतां उंच इमारती आल्या आहेत. तेथें षड्ज कोणता लागतो हें मला ओळखतां येत नाहीं. पंडितांना आलें असतें.

आपल्या घरींहि एखादी वही असेल. आजीच्या ओव्यांची, आजोबांच्या आरत्यांची, आत्यानें उतरून घेतलेल्या पदांची. ज्यांच्या तोंडून तें आलें त्यांचें नांव पहिल्या पानावर लिहावें, आणि एक प्रत करून दुसऱ्या घरीं द्यावी. याहून अधिक सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

माझ्याकडील वहीची प्रत नेण्यास कोणी आलें, तर मी त्यांना चहा देतों. चहा उकळेपर्यंत आम्ही बोलत नाहीं. मग पहिल्या पानावरील 'एक विद्यार्थी' ही ओळ दाखवितों, आणि निरोप देतांना दारांत त्यांचें खरें नांव सांगतों. लिहून मात्र देत नाहीं.